करेऱ्याचा हिशेब अजून बाकी आहे

खाण काढायची असेल, मोठे धरण बांधायचे असेल किंवा महामार्ग न्यायचा असेल, तर 2006च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल द्यावा लागतो. तो अहवाल किती प्रामाणिक असतो, हा वेगळा विषय. निदान तो मागितला तरी जातो. पण त्याच माळावर हजारो झाडे लावायची असोत, ओढ्यावर स्टॉपडॅम म्हणजे छोटे बंधारे घालायचे असोत, बीहड म्हणजे नदीकाठच्या घळींची जमीन सपाट करायची असो, तिथे कोणते दुर्मीळ जनावर राहते आणि या कामानंतर ते राहील का, हे सहसा कोणी विचारत नाही. काम चांगले आहे, मग चौकशी कशाला, अशी एकूण समजूत. ही सूट काढून घेतली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. जमीन सुधारण्याचे काम हेही जमीन बदलण्याचेच काम असते. ज्या प्राण्याच्या हातात गमावण्यासारखे फार थोडे उरले आहे, त्याला बदलामागचा हेतू कळत नाही.

ग्वाल्हेरच्या माणसाला तरी हा प्रश्न पडायला हवा. शहरातून शिवपुरीच्या रस्त्याला लागले की घाटीगाव येते. शिवपुरीहून झाशीकडे वळले की करेरा. दोन्हीकडे 1981 साली अभयारण्ये झाली आणि दोन्ही एकाच पक्ष्यासाठी. इथले लोक त्याला सोनचिरैया म्हणतात, आपण मराठीत माळढोक. आज दोन्हीकडे हा पक्षी दिसत नाही. उत्तरेला चंबळ आहे, पश्चिमेला कूनो, दक्षिणेला माधव राष्ट्रीय उद्यान. जमीन राखण्याचे, सुधारण्याचे आणि निसर्गाला परत देण्याचे जेवढे प्रयोग या देशात झाले, त्यांतले कितीतरी आपल्यापासून एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरात झाले आहेत. तरी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत चंबळ म्हटले की बागी म्हणजे डाकू आठवतात आणि शिवपुरी म्हटले की शिंद्यांच्या छत्र्या. करेरा बहुतेकांना कशासाठीच आठवत नाही.

असद रहमानी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक 1980च्या दशकात करेऱ्यात राहून काम करत होते, म्हणून तिथे काय झाले ते आपल्याला कळते. अभयारण्य सुमारे 202 चौरस किलोमीटरचे. पण त्यात जंगल म्हणावे असे फारसे काही नव्हते. गावे, शेते, चरनोईची म्हणजे गुरे चारायची जमीन आणि दिहायलाचे तळे असा तो मुलूख. माळढोकाला हेच चालते. त्याला दाट झाडी नको असते, लांबवर नजर जाईल असा उघडा माळ हवा असतो, आणि कोरडवाहू शेतातले किडे, दाणे, बोरे यांवर तो मजेत राहतो. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. म्हणजे हा पक्षी शेतकऱ्याच्या अंगणातलाच, फक्त जरा लाजाळू.

सुरुवातीची काही वर्षे बरी गेली. शिकार थांबली, पक्षी दिसू लागले, बाहेरून लोक बघायला येऊ लागले. मग दोन गोष्टी एकदम घडल्या. संरक्षण मिळाल्याबरोबर काळवीट भराभर वाढले. रात्री उभ्या पिकात कळप शिरू लागले. आणि अभयारण्याच्या हद्दीत आल्यामुळे खाजगी जमिनीची खरेदी-विक्री अडली. मुलीचे लग्न निघाले, कर्ज फेडायचे झाले, तरी खसऱ्यावर नाव असलेली जमीन विकता येईना. महाराष्ट्रातल्या वाचकाने खसरा म्हणजे सातबारा समजावा, त्रास तोच. शेतकऱ्याने पिकाचे नुकसान सोसले, जमिनीची किंमत पडलेली पाहिली, आणि या सगळ्याचे कारण म्हणून त्याला एक पक्षी दाखवला गेला. माळढोक मारायला बंदूक लागत नाही. एका अंड्यावरून गुरांचा कळप गेला की पुरते, गावचे कुत्रे मोकळे फिरले की पुरते, राखण करणाऱ्याने पलीकडे पाहिले की पुरते. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यातून सोनचिरैया गेली. अभयारण्य कागदावर राहिले. पुढची कितीतरी वर्षे ते उठवा, अशी मागणी चालू होती. गावकऱ्यांना त्याबद्दल दोष देणे मला जमत नाही.

आता या प्रकल्पाचे मूल्यमापन कसे करायचे? क्षेत्र मोजले तर 202 चौरस किलोमीटर राखलेले. वन्यप्राणी मोजले तर काळवीट वाढलेले. शिकार मोजली तर घटलेली. या तिन्ही रकान्यांत करेरा उत्तम गुणांनी पास होतो. ज्या एका पक्ष्यासाठी हे सगळे मांडले, त्याचाच रकाना रिकामा. आणि गावकऱ्याचा संयम किती उरला आहे, हा रकाना तर कोणी आखलाच नव्हता. खरे तर तोच सगळ्यांत आधी घसरला होता. त्याकडे कोणी बघत असते, तर पक्षी कमी व्हायच्या कितीतरी आधी धोका कळला असता.

सोलापूरच्या नान्नजची कथा महाराष्ट्रातल्यांना ठाऊक असेल. 1979 साली तिथे माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शहरे आली, ऊस आला, बाजारपेठा आल्या. तीस-बत्तीस वर्षे लोकांनी जमिनीच्या व्यवहारांवरचे निर्बंध सोसले आणि मग हद्द 1,222 चौरस किलोमीटरवर आणली गेली. एवढ्या प्रचंड आकड्याच्या आत पक्षी प्रत्यक्षात वापरत होता ते गवताचे काही तुकडे. त्यांतले बरेचसे अवर्षणप्रवण क्षेत्र विकासाच्या योजनेत राखलेले, म्हणजे पक्ष्यासाठी नव्हे तर माती आणि चाऱ्यासाठी जपलेले. तिथे गवत वाढले आणि माळढोकाला ते मानवले. पण त्याच योजनांमध्ये झाडेही लावली गेली होती. झाडे मोठी झाली तसा तो तुकडा पक्ष्याच्या दृष्टीने बंद होत गेला. एकाच योजनेचा एक हात पक्ष्याला धरून होता आणि दुसरा त्याला ढकलत होता. हे कळायला नुसते हेक्टर मोजून भागत नाही. माळावर जाऊन बसावे लागते.

झाडांबद्दल बोलायला लागले की मराठी माणूस जरा हळवा होतो. ग्वाल्हेरातही पावसाळा आला की आपली मंडळे, शाळा, गणेशोत्सवाचे कार्यकर्ते रोपे घेऊन टेकड्यांवर जातात, फोटो काढतात. शहरात, रस्त्याकडेला, उजाड झालेल्या खऱ्या जंगलात झाडे लावण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. माझी तक्रार गवताळ माळावर लावलेल्या झाडांबद्दल आहे. आपल्या सरकारी नोंदींत गवताळ माळ फार वर्षे पडीक जमिनीत गणला गेला. आणि भारतीय वन सर्वेक्षण वनाच्छादन मोजते ते असे, की एक हेक्टरहून मोठ्या तुकड्यावर दहा टक्क्यांहून अधिक छत्र दिसले की ते वन, मग झाड कुठलेही असो आणि जमीन कोणाचीही असो. या मापाने वेड्या बाभळीचे रान हे वन आहे, आणि माळढोक, लांडगा, काळवीट, खोकड पोसणारे गुडघाभर गवत हे काहीच नाही. उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग चढत जातो, आणि जमिनीवर ज्याच्यासाठी चिंता करायची तो प्राणी त्याच वेगाने उतरत जातो. कच्छच्या बन्नीत 1960च्या दशकात खारे वाळवंट पुढे सरकू नये म्हणून वन खात्यानेच वेडी बाभूळ लावली. हेतू जमीन वाचवण्याचाच होता. आता त्या गवताळ प्रदेशाचा मोठा हिस्सा बाभळीने गिळला आहे, आणि मालधारी, म्हणजे तिथले पशुपालक, ती उपटून काढण्याच्या मागे आहेत.

ही जुनी चूक म्हणावी, तर नव्या योजनांतही तेच माप आहे. 2023च्या हरित पत (ग्रीन क्रेडिट) कार्यक्रमाची पद्धत फेब्रुवारी 2024मध्ये आली, तेव्हा तिच्यात दर हेक्टरी किमान 1,100 झाडे अशी अट होती, आणि विरळ वन, झुडपी जमीन, पडीक जमीन ही सगळी त्यासाठी योग्य मानली होती. हेक्टरी 1,100 झाडे म्हणजे साधारण तीन-तीन मीटरवर एक झाड. अशा जमिनीवर माळढोक उतरणार नाही. टीका झाल्यावर पद्धत बदलली, झाडे जगली की नाही हे पाहायचे ठरले. पण माप झाडांचे आणि छत्राचेच राहिले. देशाने 2030पर्यंत 2.6 कोटी हेक्टर जमीन सुधारण्याचा शब्द जगाला दिला आहे. त्या आकड्यात माळ किती आणि त्यावर कोण राहते, हे विचारायला आत्ताच सुरुवात केली नाही, तर पुढे विचारून उपयोग नाही.

तिकडे माळव्यात रतलामजवळ सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर, ही खरमोराची ठिकाणे. खरमोर हा माळढोकाचाच लहान भाऊबंद. पावसाळ्यात येतो, नर गवतातून वर उसळी मारून मादीचे लक्ष वेधतो, दिवसभरात अशा शेकडो उड्या मारतो. त्याच्या विणीचा काळ जुलै ते सप्टेंबर. आपले वृक्षारोपणाचे सप्ताह, पंधरवडे, महाअभियाने नेमकी तेव्हाच. खड्डे खणणारी शंभर माणसे एक दिवस त्या गवतात फिरली, तर एका वर्षाची वीण गेली. याला कोणाचा दुष्टपणा लागत नाही. खरमोर कधी अंडी घालतो, हे पत्रक काढणाऱ्याला ठाऊक नसले की झाले.

या सगळ्यात एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते, आणि तेही जवळचेच, भरतपूरचे. केवलादेव घना हे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर 1982मध्ये तिथे गुरे चारायला बंदी आली. म्हशी पाण्यात शिरतात, गवत खातात, पक्ष्यांना त्रास होतो, तेव्हा म्हशी बाहेर काढा, असा साधा विचार. तो कोणालाही पटला असता. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. पण योगायोगाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथला दीर्घ अभ्यास 1980मध्येच सुरू झाला होता. म्हणजे बंदीच्या आधीची स्थिती नोंदलेली होती आणि नंतरचीही नोंदली जाणार होती. दहा वर्षांच्या नोंदींतून जे पुढे आले ते सगळ्यांच्या अंदाजाच्या उलट होते. म्हशी गेल्यावर पाणगवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले, आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांतल्या अनेकांची जागा आक्रसली. सैबेरियन क्रौंचाला उथळ पाण्यातले कंद खणून खायचे असतात. गवताच्या गालिच्याखालून ते मिळणे कठीण. म्हैस तिथे फुकटात माळीकाम करत होती.

सैबेरियन क्रौंच भरतपूरला येईनासे झाले, शेवटचे 2002मध्ये दिसले, त्याला वाटेतली शिकार आणि इतर कारणेही होती. सगळे खापर चराईबंदीवर फोडणे खोटे ठरेल. माझा मुद्दा वेगळा आहे. भरतपूरमध्ये आपली समजूत चुकली हे आपल्याला कळले, कारण आधीपासून कोणीतरी मोजत होते. 1983मध्ये मोजायला सुरुवात झाली असती, तर माजलेले गवत हीच तिथली मूळ स्थिती ठरली असती, आणि म्हशींचे नाव कोणी काढले नसते. देशात अशा किती ठिकाणी कुंपणे घातली गेली असतील, जिथे आधीची नोंदच नाही आणि म्हणून चूकही नाही!

पाण्याच्या कामांकडे वळतो. 2022मध्ये अमृत सरोवर योजना आली, दर जिल्ह्यात 75 तळी. एका तळ्याला किमान एक एकर जागा आणि दहा हजार घनमीटर पाणी. गणित केले तर सरासरी खोली अडीच मीटरच्या आसपास येते. माणसाला, गुरांना, विहिरींना हे पाणी हवे आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण आपल्या भागात सारस आहे. तो पावसाळ्यात उथळ, दलदलीच्या पाण्यात, गवताचा ढीग रचून घरटे करतो. गावच्या जुन्या तळ्याला एका बाजूने पसरट, चिखलाचा काठ असे, तिथे त्याचे जमे. पोकलेन लावून तळे खोल केले, काठ उभे केले, वर दगडी पिचिंग केले की पाणी वाढते आणि सारसाची जागा जाते. एका बाजूचा काठ मुद्दाम उतरता ठेवायचा, एवढेच केले तरी दोघांचे भागेल. अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळा खर्चही नाही. नुसते कोणीतरी विचारायला हवे.

चंबळेचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. बीहड दरवर्षी शेते खातात, हे खोटे नाही. मुरैना-भिंडकडच्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्या आजोबांचे अर्धे शेत आज घळीत असते. शिंद्यांच्या काळापासून ही जमीन बांधून धरण्याचे प्रयत्न झाले. 1980च्या दशकात तर विमानातून बी टाकून वेडी बाभूळ पेरली गेली. माती थोडीफार धरली गेली असेल, पण स्थानिक खैर, करील, पिलू यांची जागा बाभळीने घेतली आणि चरायची जमीन काट्यांखाली गेली. मग जुलै 2020मध्ये केंद्रीय कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी जागतिक बँकेशी बोलून ग्वाल्हेर-चंबळ भागातली तीन लाख हेक्टरांहून अधिक बीहड जमीन शेतीखाली आणण्याचा विचार मांडला. तीन लाख हेक्टर म्हणजे तीन हजार चौरस किलोमीटर, चार कूनो राष्ट्रीय उद्याने मावतील एवढी जागा. त्यावर आपल्याकडे चर्चा झाली ती जमीन कोणाला मिळणार याची. तिथले लांडगे, तरस, चिंकारे जाणार कुठे, हे कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

आणि बीहडाच्या तळाशी नदी आहे. जगातल्या घडियालांची म्हणजे सुसरींची सर्वांत मोठी वस्ती या नदीत आहे, दोन हजारांहून अधिक. मुरैनाजवळ देवरीच्या घडियाल केंद्रात अंडी उबवून, पिल्ले मोठी करून नदीत सोडण्याचे काम अनेक वर्षे नेटाने चालले आहे, आणि दरवर्षी मोजणी होते. मी वन खात्यावर टीका करतो खरा, पण हे काम आदराने सांगण्यासारखे आहे. 2007-08च्या हिवाळ्यात शंभराहून अधिक घडियाल मेले ते लगेच लक्षात आले, कारण लक्ष ठेवणारे होते. याच वाळूवर लाल मुकुटाचे कासव अंडी घालते, जे आता चंबळेखेरीज फारसे कुठे उरलेले नाही. आणि नदीतल्या वाळूच्या बेटांवर पाणचिरा हा पक्षी.

पाणचिऱ्याचे पाहा. बेटाभोवती पाणी आहे तोवर त्याची अंडी सुरक्षित. उन्हाळ्यात पातळी फुटभर उतरली की बेट काठाला जोडले जाते, कुत्री, कोल्हे, गुरे चालत जातात, घरटी संपतात. आता वरच्या ओढ्यांवर आणि उपनद्यांवर शेकडो स्टॉपडॅम बांधले तर काय होईल? एक शक्यता अशी की पाणी जमिनीत मुरेल, उन्हाळ्यात हळूहळू पाझरेल आणि नदीची पातळी टिकेल. दुसरी अशी की साठलेले पाणी पंपांनी उपसले जाईल, जास्तीचे पीक घेतले जाईल आणि नदीपर्यंत येणारे पाणी उलट घटेल. दोन्ही तर्क बरोबर वाटतात. अशा ठिकाणी जलसंवर्धन म्हणजे नदीचे भलेच, असे म्हणून टाळ्या वाजवणे आणि बांध म्हणजे नदीचा घात, असे म्हणून मोर्चा काढणे, दोन्ही सारखेच निरर्थक. दहा ओढ्यांवर बांध घाला, तशाच दहा ओढ्यांवर सध्या घालू नका, आणि पाच उन्हाळे पातळी मोजा. उत्तर मिळेल.

वेळापत्रकाचे तर आणखी सोपे. मध्य प्रदेश सरकारचे जल गंगा संवर्धन अभियान 2025मध्ये 30 मार्च ते 30 जून चालले. मातीकामाला हेच महिने सोयीचे, हे समजते. पण घडियालाची अंडी मार्चअखेर-एप्रिलमध्ये पडतात आणि पिल्ले पावसाच्या तोंडाशी निघतात. कासव आणि पाणचिरा यांचाही हाच हंगाम. अभियानाने घरटी मोडली असे मी म्हणत नाही. दोन वेळापत्रके एकमेकांशेजारी ठेवून पाहिली का, एवढेच विचारतो.

यावर नेहमी येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. आपल्याकडे अभ्यास म्हणजे काम लांबवण्याचे साधन. समिती बसते, अहवाल येतो, तो कपाटात जातो, आणि तोवर शेतकऱ्याचे आणखी एक शेत घळीत जाते. शहरात राहून चंबळच्या शेतकऱ्याला लांडग्यासाठी थांब म्हणणारा मी कोण? मान्य. म्हणूनच प्रत्येक बांधाला, प्रत्येक रोपाला अहवाल मागावा, असे मी म्हणणार नाही. शेताच्या कडेचा बांध, गावातली अमराई, शाळेचे कुंपण यांना चौकशी कसली? पण सरकारी पैशातून शेकडो हेक्टर जमिनीचे रूप बदलणार असेल, आणि तिथे किंवा तिच्या खालच्या नदीत अतिसंकटग्रस्त जात असेल, तर तिथे चौकशी झालीच पाहिजे. अशी ठिकाणे थोडी आहेत आणि आपल्याला ती ठाऊक आहेत. शिवाय करेऱ्याने दाखवले ते हेच, की शेतकऱ्याला बाजूला ठेवून केलेले संवर्धन पक्ष्यालाही वाचवत नाही. चांगल्या मूल्यमापनात शेतकऱ्याचे नुकसान पहिल्या पानावर येईल. तो त्याच्या विरोधातला कागद नाही.

दुसरा आक्षेप वन्यजीववाल्यांकडून येतो: जात मरणपंथाला लागली असताना मोजत काय बसायचे, कृती करा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी अशीच कृती केली होती. आफ्रिकेतून सिंह आणवून आपल्या संस्थानच्या जंगलात सोडले. त्यांनी गुरे मारली, माणसे मारली, आणि शेवटी तेच मारले गेले. आजच्या कूनोत निदान एक गोष्ट बरी झाली. चित्ता आणण्याच्या आराखड्यात यश कशाला म्हणायचे ते आधी लिहिले होते. पहिल्या वर्षी आणलेल्यांपैकी निम्मे जगले तरी ते यशाचे एक लक्षण. सप्टेंबर 2023मध्ये वीसपैकी चौदा जिवंत होते, म्हणजे कसोटी पार. पण तोवर ते सगळे पुन्हा मोठ्या पिंजऱ्यांत आणलेले होते. पिंजऱ्यातले जगणे त्या कसोटीत धरायचे का, यावर वाद घालता येतो. आणि तो घालता येतो कारण कसोटी छापलेली आहे. याच कूनोतून गीरच्या सिंहांसाठी 24 गावे उठवली गेली, बहुतेक सहरिया आदिवासींची. 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगूनही सिंह आले नाहीत. त्या गावांच्या शेतांचे गवत झाले, चितळ वाढले, मग चित्ते आले. उठलेल्या सहरियांचे पुढे काय झाले, याची कसोटी मात्र कोणी इतक्या ठळकपणे छापली नाही.

मोजायचे काय, यातही एक अडचण आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जी जात अगदी थोडी उरली आहे, तिची डोकी मोजून काही सिद्ध होत नाही. घाटीगावात एक सोनचिरैया दिसली किंवा नाही दिसली, त्यावरून त्या माळाचे बरेवाईट ठरत नाही. दिसली नाही म्हणजे नाहीच, असेही नाही. अशा वेळी तिला लागणाऱ्या गोष्टी मोजाव्या लागतात. गवताची उंची, उघड्या माळाचा सलग तुकडा केवढा आहे, मोकाट कुत्री किती, विजेच्या तारा कुठून जातात, शेजारच्या गावात किती जणांना तो पक्षी परत आलेला चालेल. जैसलमेरजवळ सम इथे 2019पासून माळढोकांची पिल्ले वाढवण्याचे काम सुरू आहे आणि ते यशस्वी होताना दिसते. उद्या ती पिल्ले सोडायला माळ लागतील. घाटीगावच्या पठारावर तोवर दगडाच्या खाणी आणि हेक्टरी हजार झाडे एवढेच उरले असेल, तर आपले नाव त्या यादीत येणार नाही. आणि ते का आले नाही, हेही कोणी विचारणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मोठ्या कामाच्या अंदाजपत्रकात, खड्डे, रोपे, पाणी, तार या खर्चांच्या बरोबरीने, आधी एक वर्ष आणि नंतर किमान पाच वर्षे पाहणी करण्याचा खर्च धरावा. ती पाहणी काम करणाऱ्या विभागाने स्वतः करू नये. आपल्याकडे जिवाजी विद्यापीठ आहे, प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकणारी मुले आहेत, आणि गावागावांत गुराखी आहेत, ज्यांना कुठल्या घळीत तरस राहतो हे कुठल्याही कॅमेऱ्याआधी कळते. त्यांना रोजंदारी द्यावी. शेजारची तशीच एखादी जमीन काम न करता ठेवावी, म्हणजे तुलना करता येईल. काय दिसले तर काम थांबवायचे, ते सुरुवातीलाच लिहून त्यावर सही करावी. आणि नोंदी पंचायतीच्या फलकावर लावाव्यात, कारण गावाला न दाखवलेल्या आकड्यांवर गाव विश्वास ठेवत नाही, आणि तेच योग्य आहे.

यातल्या काही गोष्टींना नियम बदलावे लागतील, पैसा लागेल, दिल्ली-भोपाळची परवानगी लागेल. एका गोष्टीला यांतले काहीच लागत नाही. मुरैना, भिंड आणि श्योपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या मार्चच्या आत एवढाच आदेश काढावा, की चंबळेला आणि तिला मिळणाऱ्या ज्या नद्यांच्या वाळूत अंडी पडतात त्यांच्या काठाला लागून, 15 मार्चपासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत कुठल्याही योजनेचे, अगदी जलसंवर्धनाचेही, मातीकाम होणार नाही. ती कामे जानेवारी-फेब्रुवारीत उरकता येतात. तेव्हा मजूर मिळतात, ऊनही कमी असते.